स्पेनचं द्राक्षासव

आमच्याकडे मुलगी बघायला पाहुणे येत तेव्हा त्यांच्याशी बोलायचं काम माझ्याकडे आलं, ते माझ्या अंगी काही गुण होते म्हणून नव्हे. वडील गेलेले, काका मुंबईला, मामांना ऐकू कमी. उरलो मी. नोकरी कचेरीत कारकुनाची आणि बोलण्याची हौस कलेक्टरची. आई दर खेपेला दोन सूचना द्यायची. "घरचा पुरुष म्हणून पुढे बस. आणि कमी बोल." पहिली सूचना मी कधीही मोडली नाही.

ऐंशीचं दशक मध्यावर आलं होतं. त्या साली, आंबे उतरायला लागले तेव्हा, धाकट्या बहिणीसाठी आंजर्ल्याचं एक स्थळ आलं. मुलगा मालवाहू बोटीवर थर्ड इंजिनीयर. सुट्टीवर आला होता आणि आईला घेऊन रत्नागिरीत मावशीकडे उतरला होता. उंच, सावळा, बोलायला बेताचा. त्याची आई त्याहून बेताची. ती खुर्चीत पाठ टेकवून बसलीच नाही. खुर्चीवर तिचा भरवसा नसावा, आणि आमच्यावरही.

बहीण पोहे घेऊन आली. त्यांनी दोन प्रश्न विचारले, तिने दोन उत्तरं दिली. मग रिवाज सोडून तिनेच मुलाला विचारलं, "बोटीवर झोप लागते का हो?"

तो म्हणाला, "इंजिन चालू असलं की लागते. बंद पडलं की जाग येते."

बहीण हसली. पाहुण्यांसमोर तिला हसताना मी पहिल्यांदा बघत होतो. याआधीच्या तीन स्थळांना तिने असं तोंड दाखवलं होतं की एकाने परत जाताना "मुलीला दातदुखी आहे का" असं विचारलं होतं. आत दाराआड आईच्या बांगड्या वाजल्या. म्हणजे तिनेही ते हसू हेरलं होतं. बैठक तिथेच संपली असती तर सगळ्यांचं भलं झालं असतं. पण मुलगा सहज म्हणाला, "मागच्या खेपेला आमची बोट स्पेनला लागली होती."

स्पेन म्हटल्यावर माझ्या जिभेला कंड सुटली. आमच्या वाचनालयात कोणीतरी दान दिलेली परदेशी मासिकं होती. त्यातल्या एकात स्पेनच्या द्राक्षमळ्यांवर लेख होता, चित्रांसकट. अर्धं पान वाळवीने खाल्लेलं, पण उरलेलं अर्धं मी दोनदा वाचलं होतं.

"स्पेन म्हणजे रेड वाइन," मी म्हणालो. "लोक उगाच फ्रान्सचं कौतुक करतात. मला विचाराल तर जेवणाबरोबर स्पेनचीच बरी. तिला एक अंग असतं."

हे 'अंग' वाळवीच्या अलीकडच्या भागातलं. मुलाने चमचा खाली ठेवला. "तुम्ही घेता?"

"नेहमी नाही हो. चांगली मिळाली तर."

हे वाक्य तसं खोटं नव्हतं. चांगली कधी मिळाली नव्हती. वाईटही मिळाली नव्हती. द्राक्षापासून केलेलं जे एकमेव पेय माझ्या घशाखाली गेलं होतं ते म्हणजे द्राक्षासव. लहानपणी टायफॉईड झाला होता तेव्हा आईने ते महिनाभर पाजलं होतं, जेवणानंतर दोन चमचे, तेवढ्याच पाण्यातून. अर्थात हे मी सांगितलं नाही. मुलाच्या आईने मुलाकडे पाहिलं, मुलाने पोह्यांकडे पाहिलं, आणि "कळवतो" म्हणून मंडळी उठली.

दार लागताच बहीण बाहेर आली. "वाइनला अंग असतं म्हणे! तुला अक्कल असती तर किती बरं झालं असतं रे दादा."

"चांगलं इम्प्रेशन पडलं," मी म्हणालो. "परदेशात फिरलेला माणूस आहे. त्याच्या बरोबरीने बोलणारं घरात कोणी आहे हे त्याला कळलं."

"घरात पिणारं कोणी आहे हे कळलं," आई म्हणाली. "शोभलं हो. बेवड्याची बहीण कोण करून घेणार आहे?"

आठवडा गेला, कळवणं काही आलं नाही. मावशीचं घर आमच्यापासून चालत जाण्याइतकं. नकार असता तर एव्हाना उडत आला असता. पहिले काही दिवस बहीण मला टोमणे मारत होती. मग ते बंद झाले, आणि मला खरी भीती वाटली. एका संध्याकाळी मागील दारी भांडी विसळताना, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "दादा, मला तो आवडलाय. एकदाच सांगते, परत सांगणार नाही."

मी तिच्या हातातलं पातेलं घेतलं आणि मुकाट्याने विसळायला लागलो. असं माझ्या आयुष्यात फार वेळा घडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगा माझ्या कचेरीत हजर. काखेत टर्किश टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी, एखादं तान्हं मूल धरावं तसं. त्याने ते माझ्या टेबलाखाली सरकवलं.

"स्पेनची आहे," तो हळूच म्हणाला. "साधीच हो. तिकडे बंदरावरचे हमालसुद्धा रोज जेवताना घेतात, काही महाग नाही. पण तुम्हाला त्यातलं कळतं म्हणून. तुमचं मत हवंय मला."

"अवश्य," मी म्हणालो. माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

"रविवारी आईला घेऊन येतो. तेव्हा सांगा. बाकीचंही तेव्हाच बोलू." त्याला अजून काही म्हणायचं होतं, पण आमचे हेडक्लार्क मोठ्याने खाकरले आणि तो गेला.

'बाकीचंही तेव्हाच बोलू' हे तीन शब्द मी दिवसभर चघळले. संध्याकाळी बहिणीला अंगणाच्या गडग्याशी गाठून सगळं सांगितलं.

"म्हणजे परीक्षा आहे," ती म्हणाली.

"असू दे गो. माझी परीक्षा मी देईन."

"तुझी असती तर खुशाल नापास हो म्हटलं असतं. परीक्षा माझी आहे आणि पेपर तू लिहिणार आहेस, हेच तर रडगाणं आहे." मग जरा थांबून म्हणाली, "तोंड उघडलंस, आता बाटली उघड. पिऊन बघ आणि नीट शिकून घे. पण घरात नको. आईने बघितलं तर ती पहिलं विहिरीत ओतेल, मग तुला ढकलेल."

रत्नागिरीत त्या काळी भर दिवसा दार लावून बसायला कारण लागे. दार लावलं की शेजारीण विचारायला यायची, कोण आजारी आहे म्हणून. सबंध गावात कोणी शंका न घेता बंद राहणारी एकच खोली मला माहीत होती, ती म्हणजे राम आळीतल्या माझ्या मित्राच्या फोटो स्टुडिओतली डार्करूम. बाहेर दिवा लागला की प्रत्यक्ष त्याचे वडीलही दार ठोठावत नसत. बहिणीचा स्थळांना पाठवायचा फोटो त्यानेच काढला होता, तेव्हा त्याचंही या कामात थोडं कर्तव्य लागत होतं.

शनिवारी दुपारी कचेरी सुटल्यावर आम्ही दोघं आत शिरलो. आत लाल बल्ब. दोरीवर ओले फोटो लटकलेले. टेबलावर फोटो धुवायच्या रसायनांचे तीन ट्रे: एकात डेव्हलपर, एकात ॲसिड, एकात हायपो. मी टॉवेल सोडला. बाटलीवर कागद होता, त्यावर डोंगर, त्याखाली घरं आणि न कळणारी अक्षरं. कळला तो फक्त एक आकडा. मित्राने तो बल्बाखाली धरून वाचला आणि गंभीर झाला.

"अरे, हे तीन वर्षांपूर्वीचं साल आहे."

"मग?"

"मग काय? तारीख उलटून गेलीय मेल्या. माझा फिल्मचा रोल तीन वर्षं ठेवला तर काय होतं माहीतेय?"

मला माहीत नव्हतं, पण चांगलं होत नसणार हे कळलं.

आता बूच. ते बाटलीच्या गळ्यात इतकं आत बसवलेलं होतं की पाठवणाऱ्याला ती कोणी उघडावी अशी इच्छा नसावी. बूच काढायचं जे पिळाचं हत्यार असतं ते मी मासिकातल्या चित्रात पाहिलं होतं. रत्नागिरीत ते कोणाकडे असेल असं वाटत नव्हतं. मित्राने कॅमेऱ्याच्या स्टँडचा एक लांब स्क्रू बुचात पिळला आणि पक्कडीने ओढला. स्क्रू आला. बूच आलं नाही, त्याचा भुगा आला. दुसऱ्यांदा तेच. शेवटी तो म्हणाला, "वर येत नाही तर खाली जाईल," आणि त्याने पेन्सिलीचं बोथट टोक बुचावर ठेवून तळहाताने दणका दिला.

बूच गेलं खाली. आणि आतलं सगळं वर आलं. सगळं म्हणजे एक फवारा. माझ्या तोंडावर गार काहीतरी उडालं. मी चटकन शर्ट पाहिला. पांढरा स्वच्छ बुशशर्ट, कुठे टिपूस नाही. हायसं वाटलं.

दोन ग्लासांत थोडी थोडी ओतली. बघतो तर काय, पाणी! फिकट, आरपार दिसणारं पाणी.

"रेड वाइन म्हणालास ना?" मित्र म्हणाला.

"तांबडी असते रे ती."

"ही तांबडी आहे? ह्याहून तांबडं आमच्या नळाला येतं पावसात."

लाल दिव्याखाली लाल रंग दिसत नाही हे त्याला माहीत होतं. त्या ज्ञानावरच त्याचं पोट चालत होतं. फोटोच्या कागदाला ते लागू आहे हे तो रोज बघत होता. ग्लासालाही लागू असेल हे त्या क्षणी त्याला सुचलं नाही, आणि मला तर काहीच सुचत नव्हतं. आम्ही दोघांनी ठरवलं, तीन वर्षांत रंग उडाला.

मग वास. मासिकात लिहिलं होतं, आधी नाक ग्लासात घालावं. मी घातलं. सणसणीत व्हिनेगरचा वास आला. मित्रानेही घातलं. "आंबलीय," तो म्हणाला. त्याचा ॲसिडचा ट्रे माझ्या कोपराजवळ उघडा होता, आणि त्याला तोच व्हिनेगरचा भपकारा येत होता, हे आज लिहिताना सोपं वाटतं. त्या खोलीत गुलाबाचं फूल हुंगलं असतं तरी आम्ही ते आंबलेलं ठरवलं असतं. मित्राच्या नाकाने तर त्या वासाची दखल घेणं वर्षांपूर्वीच सोडून दिलं होतं.

मी डोळे मिटून घोट घेतला. आंबट. तुरट. वर बुचाचा भुगा. मित्राने हायपोची बाटली धुवायच्या मोरीत थुंकलं.

"बिघडलेला माल दिला रे तुला," तो म्हणाला. "आता उद्या काय सांगणार?"

तोच तर पेच होता. चांगली म्हणालो तर ह्याला काही कळत नाही हे उघड. बिघडलेली म्हणालो तर होणाऱ्या जावयाने आणलेल्या भेटीला नाव ठेवलं. दोन्हीकडून बहीण घरातच राहणार. मी उरलेल्या बाटलीच्या तोंडाला कागदाचा बोळा लावला, टॉवेलात गुंडाळली आणि निघालो.

बाहेर टळटळीत ऊन. राम आळीत माणसं माझ्याकडे बघायला लागली. मला आधी वाटलं, चेहऱ्यावर काळजी दिसत असेल. चहाच्या दुकानातून एक ओळखीचा ओरडला, "काय हो, कोणाशी झालं?" मी म्हटलं, "कोणाशी काय?" तर त्याने नुसतं छातीकडे बोट केलं.

खाली पाहिलं. गळ्यापासून पोटापर्यंत शर्ट जांभळट लाल. ठिपके नव्हेत, ओघळ. माझ्याच छातीत कोणीतरी सुरा खुपसला असता तर मी ह्याहून नीटनेटका दिसलो असतो. मी टॉवेल छातीशी धरला. त्यामुळे जखम दाबून धरल्यासारखं दिसू लागलं. आमच्या आळीत एक निवृत्त कंपाउंडर राहत. त्यांनी रस्त्यातच माझी नाडी धरली. "खोकल्यातून पडलं?"

"नाही हो, काही नाही," म्हणायला गेलो आणि घशात अडकलेल्या बुचाच्या भुग्याने जोराचा खोकला आला. कंपाउंडरांनी मान हलवली आणि एक पाऊल मागे सरकले. घराच्या पायरीशी पोचलो तेव्हा माझ्यामागे ते आणि चहाच्या दुकानातला तो ओळखीचा असे दोघे, अंतर राखून, चालत होते.

आईने दार उघडलं. "अगो बाय माझे!" म्हणून तिने असा सूर लावला की पाठोपाठ बहीण धावत आली. बहिणीने शर्टकडे पाहिलं, टॉवेलाकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. आई मात्र मला धरून पडवीत बसवून बटणं सोडायला लागली. बटणं सोडता सोडता ती थांबली. तिने शर्ट नाकाशी नेला.

"रक्ताला द्राक्षांचा वास कसा येतो रे?"

मग लपवण्यात अर्थ नव्हता. पाठच्या दोघांना "शाई सांडली" असं सांगून बहिणीने वाटेला लावलं, आणि मी आईसमोर टॉवेल सोडला. आता ओरडा, मग विहीर, अशा तयारीने मी डोळे खाली घालून बसलो. आईने कागदाचा बोळा काढला, बाटली नाकाखाली धरली, पुन्हा धरली.

"हे आसव आहे," ती म्हणाली.

"आई, ती वाइन..."

"मला शिकवू नकोस. द्राक्षाचं आणि मुरवलेलं, म्हणजे आसव. दारूचा वास मला माहीत आहे, तुझ्या मामाच्या लग्नात वाजंत्री आलेले त्यांच्या अंगाला येत होता. हा तसा नाही." बाटलीवरचा आकडा तिने चष्मा लावून पाहिला. "आणि तीन वर्षं मुरलंय. चांगलं आहे. नव्या आसवात दम नसतो."

मित्राने ज्याला तारीख उलटणं म्हटलं त्याला आईने मुरणं म्हटलं, आणि माझ्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला.

जेवायला मागील दारी बसलो. ऊन उतरलं होतं, काजूखाली पडलेल्या बोंडूंचा गोडसर वास येत होता. त्या दिवशी बांगड्याचं तिखलं, म्हणजे त्रिफळं ठेचून घातलेलं दाट तिखट कालवण, होतं आणि तांदळाच्या भाकऱ्या. बहिणीने वाइन चहाच्या गाळण्यातून गाळली. गाळण्यात बुचाची निम्मी पूड निघाली. फुलपात्रात ओतली तेव्हा मी बघतच राहिलो. पाणी कसलं, पिकून काळ्या झालेल्या जांभळाचा रंग. कडेला, जिथे ती पितळेला टेकत होती, तिथे माणकासारखा.

"तू पण घेणार?" मी बहिणीला विचारलं.

"परीक्षा कोणाची आहे?" ती म्हणाली आणि माझ्या आधी घोट घेतला.

तिची जीभ तोंडात फिरताना दिसत होती. "बोंडू खाल्ल्यावर जीभ धरते ना, तशी धरते," ती म्हणाली. "पण बोंडू सोडत नाही. ही सोडते."

मी घेतली. व्हिनेगरचा वास कुठल्या कुठे. नाकाला आधी जांभूळ, मग जुन्या लाकडी पेटीचं झाकण उघडल्यावर येतो तसा काहीतरी वास. तोंडात आंबटपणा होता, पण तो कैरीसारखा अंगावर येणारा नव्हता; भाजीत कोकम पडावं तसा, आपल्या जागेवर बसलेला. मी भाकरीचा तुकडा तिखल्यात बुडवला, बांगड्याचा काटा काढला, खाल्ला, आणि वर एक घोट घेतला. तिखटाने पेटलेली जीभ त्या घोटाने विझली नाही, पण शांत झाली. आणि तिखल्याची त्रिफळं, इतकी वर्षं खाल्लेली, मला नव्याने लागली. पुन्हा भाकरी, पुन्हा घोट. तिकडचे हमाल असंच करत असतील. बंदरावर पोती उतरवून दमलेला माणूस मासा आणि पाव घेऊन बसतो, बाजूला ही, आणि तिच्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. मासिकातलं ते 'अंग' वगैरे कोणाला लागलं होतं? पोट होतं, जीभ होती, पुरे होतं.

आईने तिच्या रीतीने घेतलं. दोन चमचे, दोन चमचे पाणी. थोड्या वेळाने आणखी दोन.

"आई, दोनच ना?" बहीण म्हणाली.

"सकाळचे राहिले होते ते."

आम्ही तिघं त्या संध्याकाळी किती हसलो ते मला नीट आठवतं, कशाला हसलो ते आठवत नाही. बहीण इंजिन बंद पडल्यावर दचकून उठणाऱ्या माणसाची नक्कल करत होती. ती नक्कल करताना तिच्या चेहऱ्यावर जी माया होती ती पाहून मी हातातलं फुलपात्र खाली ठेवलं. उद्याची आठवण आली.

रात्रभर मी भाषण जुळवलं. रविवारी मंडळी आली. मुलाची आई त्याच खुर्चीत, पाठ न टेकवता. मुलाच्या कपाळावर घाम. सरबत झालं. मग तो घसा साफ करून म्हणाला, "मग? कशी वाटली?"

मी त्याच्या आईकडे पाहिलं. तिला ठाऊक आहे की नाही? ठाऊक नसेल आणि मी वाइनचं नाव घेतलं तर तो फसला. ठाऊक असेल आणि मी टाळलं तर मी फसलो. माझं जुळवलेलं भाषण तिथेच निकामी झालं.

"चांगली आहे," मी म्हणालो. "म्हणजे, पहिल्या भेटीत जरा तुरट वाटते. पण सहवासाने उमलते."

मुलाची आई ताठ झाली. "कोण?"

ती माझ्या बहिणीबद्दल समजली हे कळून मी आणखी गडबडलो. "नाही नाही, ती नव्हे. ही तीन वर्षं बंद होती."

"कोण बंद होती?"

"औषध हो," आमची आई मदतीला धावली. "द्राक्षासव. तुमच्या मुलाने आणून दिलं. कालच घेतलं, आज गुडघा बघा कसा वळतो." आणि तिने उभं राहून वळवून दाखवला.

मुलाची आई मुलाकडे वळली. "गुडघ्याचं औषध आणलंस ते लोकांना वाटतोस? मला गुडघे नाहीत?"

मुलगा लाल झाला. मी तोंड उघडलं, पण त्याआधी आतून बहीण आली. हातात काही नव्हतं, ट्रे नाही की पाण्याचा तांब्या नाही. ती सरळ त्याच्या आईसमोर उभी राहिली.

"औषध नाही हो ते. वाइन आहे. ह्यांनी दादाला दिली, कारण दादाने कळतं म्हणून बढाई मारली होती. त्याने जन्मात कधी घेतली नव्हती. काल पहिल्यांदा घेतली. आईने घेतली, मीही घेतली. तुरट आहे, पण नंतर बरी लागते. माशाबरोबर तर फारच. मला आवडली."

आईने डोळे मिटून घेतले. बाहेर कुठेतरी रिक्षा सुरू होत नव्हती, तिचा आवाज मी मन लावून ऐकत राहिलो. ह्या घरातून बहीण आता निदान आंजर्ल्याला तरी जात नाही, एवढं मला कळलं होतं, आणि ते कोणामुळे हेही.

मुलाने खिशातून रुमाल काढला आणि कपाळ पुसलं. "म्हणजे तुम्ही घेत नाही?" त्याने मला विचारलं.

"नाही."

"कधीच?"

"काल."

तो खुर्चीत असा सैल झाला की मला वाटलं घसरतोय. "मी पण घेत नाही हो," तो म्हणाला. "एक घोट गेला की मला मळमळतं. भर समुद्रात बोट लागत नाही मला, पण ह्याने लागते. बोटीवर सगळे चिडवतात. तुम्ही परवा असं बोललात, मला वाटलं तुमच्याकडे रोज ताटाबरोबर असणार. जावई म्हणून येऊन बसायचं, आणि दर खेपेला नाही नाही म्हणत राहायचं. म्हणून मी आईला थांब म्हटलं. ती बाटली एकाने माझ्या गळ्यात मारली होती. म्हटलं, तुम्हाला देऊन बघू, मग धीर करून सांगू."

"तेवढ्यासाठी ह्याने मला मावशीकडे इतके दिवस बसवून ठेवलं," त्याची आई म्हणाली. पहिल्यांदाच ती एवढं सलग बोलली. "मुलगी पहिल्याच दिवशी पसंत होती. हा म्हणे, तिच्या भावासमोर माझी शोभा होईल."

माझ्यासमोर! मी जमिनीत शिरायला जागा शोधत होतो, पण आमच्याकडे जांभ्याची फरशी.

त्याची आई आता बहिणीकडे बघत होती. वर-खाली नाही, सरळ. "तुला आवडली म्हणालीस."

"हो."

"हा घेत नाही. पुढेही घेणार नाही. चालेल तुला?"

बहिणीने त्याच्याकडे पाहिलं. तो परीक्षेला बसल्यासारखा बसला होता, रुमाल मुठीत.

"चालेल की," ती म्हणाली. "वाटणी करायला नको."

त्याची आई हसली, आणि हसता हसता खुर्चीला पाठ टेकली. मग दोघी आया आत गेल्या, आणि आतून चमचा वाटीवर आपटल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने कळलं, गुडघ्यांवर प्रयोग सुरू झाला होता.

लग्न पावसाआधी उरकलं. मेहुणे त्यानंतर पुष्कळ वर्षं बोटीवर होते. दर सुट्टीला येताना त्या बंदरातली नाही तर दुसऱ्या कुठल्या तरी बंदरातली, तसलीच साधी, हमाली बाटली आणत, आणि ती बहिणीच्या हातात देत. माझ्यासाठी बिस्किटांचा डबा. मी एकदा धीर करून म्हटलं, "अहो, मलाही आता थोडं कळतं त्यातलं."

"असं?" बहीण म्हणाली. "मग बिस्किटांना अंग आहे का, ते सांग."